थोरल्याचा अक्षांश, धाकट्याचा रेखांश

"सुरमईची जागा सांग, बा," म्हणत दोन्ही पोरं आली, तीही वेगवेगळी. वर्षभर त्यांच्यात अबोला होता. तो मोडायला टपलेल्या हिराजी तांडेलाने थोरल्याला फक्त अक्षांश सांगितला, धाकट्याला फक्त रेखांश. "उरलेला आकडा भावाकडून घे," असं दोघांनाही बजावलं.

भावाला विचारतील तर तांडेलाची पोरं कसली! थोरला अक्षांश धरून पूर्व-पश्चिम समुद्र विंचरू लागला, धाकटा रेखांश धरून दक्षिणोत्तर. आठव्या दिवशी दोन्ही रेघा छेदतात तिथे, ऐन सुरमईच्या जागेवर, होड्या धडकल्या. जाळी फाटली, मासळी पसार झाली.

तांडेल बंदरावर धावला. "होड्या मरू देत! बोललात का रे?"

"बोललो की," थोरला गुरगुरला. "दोघांनी मिळून तुला शिव्या घातल्या."

तांडेलाचा जीव भांड्यात पडला.