उत्तर पाठवलं आहे

दार उघडलं तर समोर शलाका, हातात प्रवासाची बॅग. कॉलेजात एकाच खोलीत राहिलेल्या या मैत्रिणीला हेमांगीने कित्येक वर्षांत फोनही केला नव्हता.

"न कळवता ये म्हणालीस, म्हणून निघालेच," शलाका म्हणाली. "पत्र वाचून फार रडले गं. आईचा आपल्या खोलीवर पोळ्या लाटतानाचा फोटोसुद्धा जपून ठेवलास तू."

हेमांगी कसंनुसं हसली. शलाकाची आई गेली, हेच तिला माहीत नव्हतं.

मागच्या आठवड्यात तिने सगळे मेल, फायली आणि फोटो एकाच क्लाउडवर हलवले होते. 'राहिलेल्या पत्रांना तुमच्या शैलीत उत्तरं द्यायची का?' असं तिथल्या एआय मदतनिसाने विचारलं, तेव्हा तिने घाईत 'हो' केलं होतं.

चहाच्या निमित्ताने ती स्वयंपाकघरात गेली, आधण ठेवलं आणि फोनवर मेल उघडला. शलाकाची कितीतरी पत्रं होती. तिने एकही उघडलं नव्हतं. शेवटी ते उत्तर होतं, तिच्याच भाषेत, पण तिने लिहिलं असतं त्याहून प्रेमळ. खाली बारीक अक्षरांत होतं, 'तुमच्या वतीने पाठवले.'

मागून येऊन शलाकानेही ते वाचलं.

"आणि माझी पत्रं?"

हेमांगीने न उघडलेल्या पत्रांची यादी तिच्यापुढे धरली.

शलाकाने गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून बसली. "मग आता वाच. पहिल्यापासून. मी थांबते."

हेमांगीने पहिलं पत्र उघडलं. "तू कामात असशील," शलाकाने लिहिलं होतं, "म्हणून थोडक्यातच सांगते."