चौथा ठोका

"हीरो मेल्यासारखा वाटतोय," दिग्दर्शिका म्हणाली.

"कड्यावर लटकलाय, दोर तुटतोय. अजून काय करणार बिचारा?" गिटारवाला म्हणाला.

"तो नाही रे. तुझं संगीत मेलंय."

हे खरं होतं. साहसपटाला संगीत द्यायचं तर काळीज धडधडायला हवं. गिटारवाल्याचं काळीज थोरला भाऊ गेल्यापासून फ्रिजसारखं चाललं होतं. चालू आहे एवढं कळायचं, बस. भाऊ दोघांच्या रॉक बँडचा ड्रमर. त्याच्यासाठी घरात कोणी रडलं नव्हतं. आईही नाही. ती रोज तीन ताटं घ्यायची, मग एक परत ठेवायची.

"आज नाही जमलं तर हा सीन दुसऱ्या कोणाला तरी देते," दिग्दर्शिका म्हणाली.

आपल्याला वाईट वाटायला हवं, हे गिटारवाल्याला समजलं. त्याने थोडी वाट पाहिली. वाटलं नाही. मग त्याने नवी फाइल लावली.

वाजवायला घेण्याआधी तो भावाच्या जुन्या रेकॉर्डिंगमधले चार ठोके लावायचा. काठीवर काठी. चौथा कायम उशिरा. त्यापायी बँडचं प्रत्येक गाणं ठेच लागल्यासारखं सुरू व्हायचं आणि दोघे भाऊ स्टेजवरच भांडायचे. पण त्या ठोक्यांशिवाय याचा हात उठत नसे. रेकॉर्डिंग झालं की तो ते कापून टाकायचा. आज कापायला विसरला होता.

पडद्यावर दोराचा एकेक पीळ सुटत होता. टक. टक. टक. चौथा येईना. दिग्दर्शिकेने खुर्चीचा हात घट्ट धरला.

टक.

"थांब! हेच. एवढंच ठेव. पुढची गिटार काढून टाक."

"सगळी?"

"सगळी."

अशा रीतीने गिटारवाल्याने आयुष्यातलं सगळ्यात भारी संगीत दिलं. त्यात तो कुठेच नव्हता.

पहिल्या खेळाला तो आईला घेऊन गेला. ठोक्यांचं तिला सांगितलं नव्हतं. कसं सांगायचं ते सुचलं नाही. हीरो लटकला. थिएटर चिडीचूप झालं.

टक. टक. टक.

चौथा यायच्या आतच, मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात आई खेकसली, "ताट वाजवू नकोस रे, वाढतेय ना!"