वाणाचं पुस्तक

"शेवटी तिला मारलंत ते बिल्कुल बरं केलंत, वैजयंतीताई," शालिनी म्हणाली. "सुटली बिचारी."

दिल्लीतल्या द्वारकेच्या नव्या सोसायटीतलं, शालिनीकडचं संक्रांतीचं हळदीकुंकू. बाहेर मेट्रोचे खांब उभे राहत होते. प्लास्टिकचे डबे लुटून सगळ्याच कंटाळल्या होत्या, म्हणून शालिनीने यंदा वाण म्हणून कादंबरी आणली होती, आणि लेखिकेलाच बोलावलं होतं. कोवळ्या वयात विकलेल्या, दिल्लीच्या कोठ्यावर आणलेल्या मुलीची गोष्ट. वैजयंतीताईंनी शेवटचं पान वाचून दाखवलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या, डोळे टिपले आणि तिळाच्या वड्यांकडे हात नेले.

"मुलांच्या हाती लागलं तर?" कुणीतरी विचारलं.

"आपल्या मुलांना मराठी वाचता कुठे येतं यार," शालिनी म्हणाली. सगळ्या हसल्या.

भक्ती हसली नाही. ती वरच्या मजल्यावरची, फौजी नवऱ्याची बायको. निम्म्या सोसायटीचे ब्लाउज तीच शिवायची. तिची अनुष्का आत शालिनीच्या कृतिकाबरोबर खेळत होती. दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसे.

"तिला जगवलं का नाहीत?" भक्तीने विचारलं.

"अगं, जगवून नेऊ कुठे तिला?" वैजयंतीताई समजुतीने म्हणाल्या. "वाचकाला खरं वाटायला नको का?"

"असल्या मुली जगत नाहीत गं," शालिनी म्हणाली. करंडा घेऊन ती ओळीने कुंकू लावत येत होती. "तुला काय माहीत त्यातलं?"

भक्तीला सगळं माहीत होतं. नवऱ्याशिवाय तिने ते कुणालाच सांगितलं नव्हतं. आज तोंड उघडलं तर या घराचं दार बंद होणार, अनुष्काची मैत्रीणही जाणार, हे तिला लख्ख दिसत होतं. गप्प बसणं सोपं होतं. पण एवढं सोसून तगलेल्या पोरीला मारायचं आणि वर टाळ्या वाजवायच्या, याची तिला मनस्वी चीड आली.

"ती पळते," भक्ती म्हणाली. "सापडते, मार खाते, पुन्हा पळते. शेवटी सुटते. आश्रमात शिवण शिकते. एका माणसाला आधी सगळं सांगते, मग त्याच्याशी लग्न करते. तुमच्या अंगातला ब्लाउज तिनेच शिवलाय, शालिनीवहिनी."

शालिनीचं कुंकवाचं बोट भक्तीच्या कपाळापाशी आलं होतं, ते तिथेच थांबलं. मग ती पुढच्या बाईकडे वळली.

"कृतिका," तिने आत हाक मारली. "बाहेर ये. आत्ताच्या आत्ता."

भक्तीने रडू गिळलं. ती उठली, शालिनीच्या हातातल्या करंड्यातून चिमूटभर कुंकू घेतलं आणि आपल्या हाताने कपाळाला लावलं. कृतिकामागोमाग बाहेर आलेल्या अनुष्काचा हात धरला. वाण कुणी परत करत नाही. पण तिने पुस्तक वैजयंतीताईंच्या पुढ्यात ठेवलं.

"हे नको, ताई. हिला मराठी वाचता येतं," ती म्हणाली. "आणि हिची आई शेवटी मरत नाही."