चाखून सांग

मिक्सर थांबला. चंदनाबाईंनी खिडकीकडं पाहिलं. दिवस बुडाला होता. आता सकाळपर्यंत त्या तोंडात काही घालणार नव्हत्या, पाण्याचा घोटसुद्धा नाही. जैन घरातला हा नेम त्यांनी कधी मोडला नव्हता.

त्यांनी कारळ्याच्या चटणीचा चमचा हा नेम न पाळणाऱ्या मुलीपुढं धरला. "सोनल, चाखून सांग. सकाळी पाकिटं भरायची हायेत."

सोनल लॅपटॉपवर आईचं आयकर विवरण भरत होती. चमचा तिनं न बघताच घेतला.

"पेन्शनचं भरतीयासच. चटणीचं पण दाखवायचं?"

"दाखवायलाच लागतंय. ऑनलाइन काय विकलंस, ते त्या कंपनीनं आधीच कळवलंय. हे बघ, आकडा आपोआप आलाय."

"मग दाखव की. आपण काय चोरून विकतोय? खोटं तेवढं घालू नगंस, सही माझी हाय." चंदनाबाई हसल्या. "कशी झालीया?"

"बरोबर झालीय."

आईची पाठ वळताच सोनलनं चमचा तसाच चटणीच्या डब्यात झटकला. रोजच्यासारखा.

सकाळी आई उठली नाही.

तेराव्या दिवसानंतर पाहुणे गेले आणि उचगावच्या त्या घरात सोनल एकटी राहिली. पहिल्या संध्याकाळी टेबलाच्या कडेला तिला चमचा दिसला. त्यात चिमूटभर चटणी होती. कुणीतरी विसरलं असेल, म्हणून तिनं तो धुऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी दिवस बुडताना तो पुन्हा तिथंच होता. भरलेला.

तिसऱ्या दिवशी तिनं चटणीच्या डब्याला चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली आणि डबा फळीवर चढवला.

संध्याकाळी पारसचा फोन आला. गल्लीतल्या सगळ्यांचा कर तोच भरायचा.

"सोनल, मुदत संपत आली. काकू गेल्या म्हणून विवरण चुकत न्हाई. वारस म्हणून तुझी नोंद मंजूर झालीया. भर त्यांच्या नावानं, आणि खाली सही तू कर."

"सगळं भरलेलंच आहे. आईसमोरच भरलं होतं."

"मग काय, एक बटण दाबायचं. नीट वाचून दाब मात्र."

तिनं लॅपटॉप उघडला. वर आईचं नाव, खाली तिचं. मधे एक ओळ होती. दिलेली माहिती खरी आणि पूर्ण आहे, असं मी जाहीर करते. शेजारी रिकामा चौकोन.

तिचं बोट थांबलं. आकडे सगळे खरे होते.

घरात भाजलेल्या कारळ्याचा वास पसरला. खमंग, ताजा. स्वयंपाकघरात गॅस बंद होता. तिनं फळीकडं पाहिलं. डब्यावरची चिकटपट्टी जशीच्या तशी होती.

चमचा तिच्या कोपराशी होता. या वेळी टेबलाच्या कडेला नव्हता, आई धरायची तेवढ्या उंचीवर, हवेत होता. दांड्याचं टोक तिच्याकडं होतं.

खिडकीबाहेर दिवस पुरता बुडाला.

सोनलनं तो घेतला आणि चटणी जिभेवर ठेवली.

"मीठच न्हाई हिच्यात, आई," ती मोठ्यानं म्हणाली. "मी कधी चाखलीच नव्हती."