तिच्या वस्तीचा नंबर

सांगून कुणाला पटायचं नाही, पण लढाईच्या दिवसांत अख्ख्या शहराचा उजेड वीजकेंद्रातल्या एका बाईच्या बोटावर नाचायचा. वीज तोकडी, म्हणून इस्पितळाचे दिवे राखण्यासाठी रोज एकेक वस्ती तासभर अंधारात जायची. आज नंबर तिच्याच वस्तीचा होता. घरी सासऱ्यांचा श्वास विजेवरच्या यंत्राने चालायचा आणि घरातला प्राणवायूचा सिलिंडर जेमतेम तासभर पुरणारा. साहेबांनी खूण केली. तिने एक हात खटक्यावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने घरी फोन लावला. “आई, वीज गेली ना? कुठंतरी बॉम्ब पडलाय म्हणे, आम्ही तरी काय करणार! बाबांना आधी सिलिंडर जोडा. धाकटीला खिडकीपासून लांब बसवा. फ्रिजमधलं दूध नासेल, तापवून ठेवा...” “थापाडे!” सासूबाई कडाडल्या. “पंखा तर इथे अजून गरागरा फिरतोय. सिलिंडर जोडते मी. तोवर तुझा तो हात आवर!”