चार महिन्यांचं अपडेट

वॉरिकनं गेमचं यंत्र चालू केलं तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. टीव्हीवर एकाखाली एक ओळी उमटत गेल्या. यंत्राचं अपडेट, मासेमारीच्या गेमचं अपडेट, रग्बीचं, गाड्यांच्या शर्यतीचं. सगळी एकदमच सुरू झाली. एक अजून डाउनलोड होतंय, तोवर दुसरं इन्स्टॉल व्हायला लागलेलं. मासेमारीपुढे आकडा होता तीन टक्के.

"उघडलं का?" मांडीवरच्या फोनमधून सेफोनं विचारलं.

"अपडेट मागतंय."

"मागणारच. किती दिवस हात लावला नाहीस?"

चार महिने झाले होते.

सेफो ब्रिस्बेनच्या हॉस्पिटलात होता. वॉरिकच्या टुवुंबाहून गाडीनं दीड तास. त्या दोघांनी बारा वर्षं एकाच शेडमध्ये स्वयंपाकघरातल्या ओट्यांचे दगड कापले होते. पाणी न मारता, कोरडेच. संध्याकाळी दोघंही पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पांढरेफटक होऊन घरी जायचे. आता त्या धुळीनं सेफोच्या फुप्फुसांचा दगड झाला होता आणि नवीन फुप्फुसांसाठी त्याचं नाव यादीत होतं.

वॉरिक एकदाच भेटून आला. सेफोच्या नाकातली नळी बघितली आणि पुन्हा गेला नाही. पुढेपुढे त्यानं फोन घेणंही सोडलं. आज घेतला, कारण नंबर लोसाचा होता. सेफोच्या बायकोचा फोन म्हटल्यावर त्याला वाटलं, सेफो गेला. पण पलीकडून सेफोच बोलला होता, "टरकली ना? आहे अजून मी. चल, मासे धरू. तीन वाजता मोठा मास्क चढवतात, मग बोलता येत नाही."

"अकरा टक्के," वॉरिक म्हणाला.

"अरे, बाकीची थांबव की. आपलं तेवढं चालू दे."

वॉरिकनं रग्बी थांबवली, शर्यत थांबवली. आकडा जरा पळायला लागला. चौदा. एकोणीस.

"मी कधीचा गेममध्ये आलोय," सेफो म्हणाला. एकेका वाक्यानंतर तो थांबत होता. "धक्क्यावर उभा आहे. लोसानं यंत्र इथल्या टीव्हीला जोडून दिलंय. नर्सबाई म्हणतात, यांनी मासळीबाजारच आणलाय."

वॉरिक हसला. पलीकडे ऑक्सिजनची शिट्टी ऐकू येत होती.

"तू छाती तपासून आलास का रे?"

"काम फार आहे सध्या."

"वॉरिक."

"पुढच्या महिन्यात जातो."

"मीही हेच म्हणत होतो."

"मला काही होत नाहीये, सेफो."

"असं? मग जिना चढून दाखव. फोन कानाला लावून. ऐकतो मी."

"आमच्या घराला जिना नाही."

सेफो मोठ्यानं हसला. हसता हसता त्याला खोकला लागला. तो थांबेचना. वॉरिकनं फोन मांडीवरून दूर सरकवला, मग लाज वाटून पुन्हा जवळ ओढला. टीव्हीवर एक्केचाळीस झाले होते.

खोकला थांबल्यावर वॉरिक म्हणाला, "मी यायला हवं होतं रे. तिथं तुला बघितलं आणि मला..."

"किती झालं?"

"काय?"

"टक्के रे."

"बेचाळीस."

"तेवढं सांगत राहा. बाकीचं राहू दे."

मग वॉरिक आकडे सांगत राहिला. पन्नास. त्रेपन्न. प्रत्येक आकड्याला पलीकडून "हं" यायचं. साठाच्या पुढे आकडा अडकला, तेव्हा दोघांनी मिळून नेटवाल्यांना शिव्या घातल्या. सेफोच्या शिव्या सामोअन होत्या. त्यातल्या अर्ध्या वॉरिकला शेडमध्येच पाठ झाल्या होत्या. पुढची शिवी त्यानंच पुरी केली.

बहात्तर. "हं." ऐंशी. "हं." शंभर भरले आणि खाली नवीन पट्टी उघडली, इन्स्टॉल होत असल्याची.

"आता बसतंय," वॉरिक म्हणाला. "उतरलं सगळं."

या वेळी "हं" आलं नाही.

"सेफो?"

फक्त शिट्टी.

"सेफो! ए!"

वॉरिक उठून उभा राहिला. फोनमध्ये काहीतरी खरखरलं आणि लोसाचा दबका आवाज आला.

"झोपलाय. ओरडू नकोस."

वॉरिक खाली बसला.

"दोन रात्री डोळ्याला डोळा नाही," लोसा म्हणाली. "आत्ता लागलाय. तीनपर्यंत झोपू दे. तुझं सुरू झालं का?"

"होतंय."

"मग तू खेळ. उठला की आधी तेच विचारेल, किती धरले म्हणून. मास्क असला तरी बोटांनी विचारेल." मग ती थांबली. "फोन मी बंद करते रे. आणि हे बघ, परत खेळायला येणार नसलास तर तसं त्याला सांगून टाक. दर शनिवारी यंत्र लावून तुझी वाट बघत बसतो तो."

फोन बंद झाला.

थोड्या वेळानं गेम उघडला. करडं पाणी, लाकडी धक्का. धक्क्याच्या टोकाला सेफोचा माणूस गळ हातात धरून उभा होता. दोरी पाण्यात टाकलेली नव्हती. वॉरिकनं आपला माणूस चालवत नेला आणि त्याच्या शेजारी उभा केला. गळ टाकायचं त्याला सुचलं नाही.

सेफोच्या माणसाला कुणीच हलवत नव्हतं. तरी त्याचे खांदे संथपणे वर जात होते, खाली येत होते. पुन्हा वर. छाती पूर्ण भरून, कसलाही त्रास न होता, तो श्वास घेत होता.