चौथा चिमटा

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. लक्ष्मणरावांची मुलगी पाहायला आलेल्यांना ती पसंत पडल्यासारखी दिसत होती. पाहुणे निघाले आणि सानगडीत, लक्ष्मणरावांच्या दारातच, पाहुण्यांच्या अ‍ॅम्बेसिडरची बॅटरी उतरली. लक्ष्मणरावांचा एका डोळ्यानं अधू ड्रायव्हर धनीराम ट्रॅक्टर आणि टोकांना चिमटे असलेल्या दोन वायरी घेऊन आला.

पहिला चिमटा, लाल: गाडीच्या बॅटरीला. दुसरा, लाल: ट्रॅक्टरच्या बॅटरीला.

"याचा डोळा कायनं गेला जी?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"बॅटरीचा भडका उडाला. याच्या तोंडात बिडी! कितीदा सांगतलं, पण आयकते कोणाचं?" लक्ष्मणराव हसत म्हणाले.

धनीरामनं ऐकलं. तिसरा चिमटा, काळा: ट्रॅक्टरच्या बॅटरीला. चौथा मात्र त्यानं गाडीच्या बॅटरीपासून लांब, इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावला.

"तिकडं काहून?"

"शेवटच्या चिमट्याले ठिणगी पडते जी. अन् बॅटरीतून ग्यास निघते."

गाडी सुरू झाली. पाहुण्यांनी खुशीनं बिडी पुढे केली. "घे गा! पण आता दूर जाऊन ओढजो!"

धनीरामनं मालकाकडे पाहिलं. बिडी घेतली, दूर जाऊन पेटवली आणि पहिल्याच झुरक्याला खोकून खोकून बेजार झाला. पाहुणे पोट धरून हसले.

लक्ष्मणरावांच्यानं मान वर करवेना. धनीरामनं आजवर बिडीला हात लावला नव्हता. डोळा गेला त्या दिवशी तो बॅटरीवर नुसता वाकला होता. आत पाणी किती उरलं ते पाहायला काडी ओढली होती लक्ष्मणरावांनी.